कापायला आणलेली वायर

बोलतेय ती मी, लाल वायर. या घरात सध्या धड कुणीच बोलत नाही, म्हणून म्हटलं आपणच सुरुवात करावी. शिवाय मला तोंडं दोन. एक दाबलं तरी दुसरं उघडंच असतं.

वायर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे भिंतीतून निघालेली ती ताठ बया आली असेल. वाकवली की वाकलेलीच राहते, आणि सारखी इकडून तिकडे केली की आतून मोडते. मी तिच्यातली नव्हे. माझं कातडं सिलिकॉनचं. हातात धरून सोडलंत तर ओल्या नाडीसारखी लोंबेन. आत केसाहून बारीक तांब्याच्या तारा, मोजायला बसलात तर म्हातारे व्हाल. प्रत्येक तारेवर कथलाचा पातळ मुलामा, म्हणून आतून चंदेरी. एवढं नटवून शेवटी बसवतात कुठे, तर बॅटरीच्या बाजूला, अंधारात.

जन्माबद्दल सांगण्यासारखं फार नाही. कारखान्यात तांब्याला ओढ ओढ ओढलं, बारीक झाल्यावर पीळ घातला, वर रबरासारखा लगदा चढवला आणि तापलेल्या भट्टीतून बाहेर काढलं. माणसाचं बाळ जन्मल्यावर गरम कपड्यात गुंडाळतात, आमचं जन्मणंच भट्टीत. तेव्हापासून उष्णतेचं मला काही वाटत नाही. कुणी तापला की मी म्हणते, ताप बाबा, तुझी हौस होऊ दे.

मग दुकान. एका लोखंडी दांड्यावर आम्ही सगळ्या रिळांत ओवलेल्या. माझ्या शेजारी प्लास्टिकच्या जाड्या वायरी. त्यांचा तोरा असा, की जणू गावाची वीज त्यांच्याच पोटातून जाते. गिऱ्हाईक यायचं, चिमटीत धरायचं, "ही जाड दिसते, हीच द्या" म्हणायचं आणि जायचं. माझ्याकडे बघून विचारायचे, "ही पतंगाची दोरी का?" दुकानदाराला सगळे शेठ म्हणत. शेठही त्यांची चूक दाखवायचा नाही. जाडी खपत होती ना.

एके दिवशी थोरला आला. थोरला म्हणजे या घराचा मोठा मुलगा. जळालेल्या मोटरींना नवी तार भरून द्यायचं त्याचं काम, त्यामुळे बोटांवर कायम व्हार्निशचे डाग. त्याने आल्या आल्या विचारलं, "शेठ, मऊ वायर आहे का? गाडीला लावायचीय."

शेठने प्लास्टिकवाली पुढे केली. "ही ने. हत्ती बांधलास तरी तुटायची नाही."

"हत्ती नाही बांधायचा, शेठ. बाप बसवायचाय."

थोरल्याने तिचं टोक सोललं. आत तार निघाली सुतळीएवढी. "बघा, नुसता कोट जाड आहे. आत माणूस नाही."

"मग तूच शोध बाबा, तू फार हुशार," शेठ म्हणाला आणि चहा प्यायला लागला.

तेव्हा थोरल्याचा हात माझ्यावर पडला. त्याने मला बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. टोक सोलून तारा ब्रशसारख्या पसरल्या. एक तार ब्लेडने खरवडून पाहिली, कथलाखाली तांबं निघतं की ॲल्युमिनियम. तांबंच निघालं, मी काय खोटी नाही. मग म्हणाला, "शेठ, काडी आहे का?"

"दुकान पेटवशील!"

"दुकान नाही. दोघींची टोकं पेटवतो."

प्लास्टिकवाली पेटली, थेंब थेंब काळी गळली आणि असा वास सोडला, की शेठच्या कपात माशी पडली ती बाहेर यायला तयार होईना. माझं टोक जरा वेळ धुमसलं आणि पांढरी राख होऊन जागच्या जागी राहिलं. गळले नाही, ठिबकले नाही. थोरला माझ्याकडे बघून हसला. आयुष्यात माझ्याकडे बघून हसलेला तो पहिला माणूस.

माझी जाडीही त्याने निवडून घेतली. चढावर मोटर किती ओढेल याचा हिशेब तो घरून करून आला होता. बारीक वायर घेतली तर वायर तापते आणि मोटर उपाशी राहते, असं तो शेठला सांगत होता. शेठ "हो का" म्हणत होता आणि माशी काढत होता.

"लाल आणि काळी, दोन्ही द्या," थोरला म्हणाला. "भरपूर द्या. कापाकापीत चुका होतात."

हे वाक्य मी ऐकलं. पण वायरने काय ऐकलं हे कुणी विचारतं का?

घर चढाच्या माथ्यावर. घरात चौघं. थोरला, त्याची बायको, तिला धाकटा वहिनी म्हणतो म्हणून मीही म्हणते. धाकटा, म्हणजे थोरल्याचा भाऊ, जो टायरच्या दुकानात पंक्चर काढतो आणि शाळेची आठवण काढली की विषय बदलतो. आणि आबा, दोघांचे वडील. आबांनी जन्मभर बस चालवली. आता खुबा मोडलाय. चालता येतं ते खाटेपासून खिडकीपर्यंत.

चढाच्या पायथ्याशी सलून आहे. तिथे आबांची टोळी बसते. दाढी हे निमित्त, खरं काम भांडण. दर रविवारी थोरला आबांना पाठीवर घेऊन खाली जायचा. आबा पाठीवरून हुकूम सोडायचे, "डावीकडे दाब. खड्डा आहे. समोरच्याला हॉर्न दे." थोरला तोंडाने हॉर्न द्यायचा. रस्त्यावरची माणसं बाजूला व्हायची आणि हसायची. पण थोरल्याचीही पाठ दुखायची, म्हणून त्याने गाडी बांधायला घेतली. जुन्या स्कूटरींची तीन चाकं, लोखंडी सांगाडा, मोटर, बॅटरी, आणि वर भंगारातून आणलेली बसची ड्रायव्हरची सीट. आबांनी सीटवर फुंकर मारून धूळ उडवली आणि बसून बघितलं. बराच वेळ उतरलेच नाहीत.

काळी वायर थोरल्याने स्वतः कापली, सांगाड्याला बोल्टने जोडली, बॅटरीपासून मोटरच्या पेटीपर्यंत नेली. मग हात पुसत म्हणाला, "लाल उद्या."

दुसऱ्या दिवशी आपल्या मोटरींच्या दुकानात एक मोटर उचलताना तो खाली बसला, तो उठलाच नाही. एवढंच. डॉक्टरने काहीतरी लांबलचक नाव सांगितलं. नाव लांब असलं म्हणून माणूस उठतो थोडाच. मला या मरणाचा अजून राग आहे. वायर जळते, तिला कारण असतं. याला काय कारण होतं?

माणसं भेटायला आली. चहा प्यायली. एक जण धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात रे."

"मग तुम्ही निवांत राहा," धाकटा म्हणाला.

स्वयंपाकघरात वहिनीने तोंडात पदर कोंबला. हसली की रडली, ते तिलाही सांगता आलं नसतं.

त्यानंतर धाकट्याने फर्मान काढलं, दादाच्या वस्तूंना हात लावायचा नाही. कप कपाच्या जागी, चपला चपलांच्या जागी. मला त्याने कपाटात थोरल्याच्या शर्टांखाली ठेवलं. मधूनच यायचा, मला बाहेर काढायचा आणि हुंगायचा. अहो, मला वासच नसतो! पण तो हुंगायचा, डोळे मिटायचा आणि पुन्हा ठेवून द्यायचा. मी गुंडाळल्या गुंडाळल्या विचार करायचे, याचं डोकं ठिकाणावर आहे ना.

आबांना खाली नेण्याचा प्रयत्न धाकट्याने एकदा केला. धाकटा म्हणजे हाडांचा सापळा, त्यावर एक शर्ट. आबा पाठीवर बसले आणि दोघे उंबऱ्यातच आडवे झाले. आबा जमिनीवरून म्हणाले, "तुझ्याकडे जड वाहनाचं लायसन्स नाही." विनोद केला खरा, पण त्यानंतर ते खिडकीशी बसले ते बसलेच. दाढी वाढली. न्हाव्याने निरोप धाडला, मी घरी येऊन करतो. आबा म्हणाले, "मी काय आजारी आहे?" आणि पुन्हा चढाकडे बघत बसले.

एका सकाळी वहिनीने धाकट्यासमोर आबांचं ताट आपटलं. अर्धं तसंच होतं.

"भावजी, हे बघा. रोज असंच परत येतं. त्यांना खाली न्या. नाहीतर यांच्या मागोमाग तेही जातील, आणि मग तुम्ही काय काय कपाटात ठेवणार?"

धाकटा उठला. कपाट उघडलं आणि मला उचललं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, चला, आली आपली वेळ.

कसली वेळ. धाकटा गाडीजवळ पक्कड घेऊन उभा राहिला. बॅटरीपासून मोटरच्या पेटीपर्यंत माझा जेमतेम हातभर तुकडा पुरला असता. त्याने पक्कड उघडली, माझ्यावर टेकवली आणि खाली ठेवली.

"कापायची नाही," तो स्वतःशीच म्हणाला. "दादाने आणलीय तेवढी सगळी बसवणार."

सगळी! मी केवढी होते माहीत आहे? मला उलगडलं असतं तर आबांची पँट वाळत घालून, वर शेजाऱ्यांची चादर राहिली असती. टोकं मात्र सोलावी लागली, त्याला इलाज नव्हता. नखाएवढी सालटं निघाली. ती त्याने फेकली नाहीत. काडेपेटीत ठेवली. माझी सालटं! नाल काढल्यावर घोड्याचीही एवढी काळजी कुणी घेत नाही.

इथे फ्यूजचं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्यापायी. फ्यूज ही अगदी साधी वस्तू. वायरीतून नको तेवढा करंट धावला की फ्यूज आधी स्वतः वितळतो, वाट तुटते, बाकीचे वाचतात. थोरल्याने फ्यूज आणून बॅटरीच्या पेटीत ठेवला होता. तसंच एक जाडजूड बटण, गाडी बंद करायला. पण दोन्ही बसवायचे तर मला मध्ये कापायला हवं. त्याशिवाय ते बसणार कुठे? धाकट्याने फ्यूज हातात घेऊन उलटसुलट पाहिला. टायरच्या दुकानात काम करणाऱ्याला फ्यूज कळत नाही असं नाही. त्याला कळत होतं.

"स्वतः आधी मरायचं आणि वर चांगुलपणा मिरवायचा," तो फ्यूजला म्हणाला. "मला नको असली माणसं."

आणि त्याने फ्यूज भिरकावला.

उरलेली मी वेटोळं करून सीटखाली कोंबली गेले, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून. आता माझी एक खोड सांगते, लपवत नाही. आगीला मी भीत नाही, थंडीत ताठत नाही, कशीही वळवा, कुरकुरत नाही. पण पत्र्याची धार लागली की मी लोण्यासारखी चिरते. मऊ कातड्याची ती किंमत आहे. म्हणून जिथे लोखंडाला घासायची भीती, तिथे माझ्यावर वरून एखादी नळी चढवावी लागते. धाकट्याने नळी चढवली नाही. आणि बसच्या त्या सीटखाली पत्र्याची कड होती, ब्लेडला लाजवेल अशी.

रविवार आला. आबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. दाढी छातीवर, पण केस ओले करून भांग काढलेला. वहिनीने त्यांना धरून सीटवर बसवलं.

"ब्रेक कुठाय?" आबांनी पहिला प्रश्न विचारला.

"हा, उजव्या हाताला."

"हॉर्न?"

"तोंडाने द्या."

"तो गेला," आबा म्हणाले. धाकट्याने माझं टोक बॅटरीला लावलं. चट् करून ठिणगी उडाली आणि गाडी जिवंत झाली.

काय सांगू, माझ्यातून करंट धावला तेव्हा! इतके दिवस शर्टांखाली झोपून अंग आंबलं होतं. पण खरं सांगायचं तर उतारावरही गाडी मरतुकडी चालत होती. एवढी लांबलचक मी, करंटला उगाच माझ्या वेटोळ्यांतून फेऱ्या मारून यावं लागत होतं. धाकटा बाजूने धावत होता आणि ओरडत होता, "पळतेय की नाही, आबा? पळतेय की नाही?" आबा स्टिअरिंगचा दांडा धरून ताठ बसले होते आणि जाणाऱ्या सायकलवाल्याला शिव्या देत होते. शिव्या जुन्या होत्या, चांगल्या घोटलेल्या. वहिनी दारात उभी राहून ऐकत होती.

सलून दिसायला लागलं. टोळी बाहेर येऊन हात हलवत होती. तेवढ्यात गटाराच्या झाकणावरून चाक उडालं. आबा सीटवर आपटले, सीट माझ्यावर आपटली, आणि पत्र्याची कड माझ्या कातड्यातून आरपार गेली.

सांगाड्याला काळी जोडलेली होती. माझं उघडं तांबं सांगाड्याला टेकलं. म्हणजे आमची दोघींची गाठ पडली, मध्ये फ्यूज नाही, बटण नाही, अडवायला कुणी नाही. बॅटरीतली सगळी ताकद एकदम अंगावर आली. माझ्या तारा लाल झाल्या, मग पांढऱ्या. सीटखालून धूर निघाला. ट्यूबची पट्टी पेटली.

"वायर!" धाकटा ओरडला. "वायर! वायर!"

त्याने सीटखाली हात घातला आणि तापलेल्या मला मुठीत धरून बॅटरीवरून उपटलं. त्याचं कातडं सिलिकॉनचं नव्हतं. तळहात भाजला. न्हावी साबणाचा ब्रश हातात घेऊनच धावत आला, मागून अर्ध्या गालाला फेस लावलेलं गिऱ्हाईक. दोघांनी आबांना काखेत धरून रस्त्याच्या कडेला बसवलं. आबांच्या पँटची मागची बाजू करपली होती. आतला माणूस शाबूत.

धाकटा मला हातात धरून उभा होता. पोळलेल्या हातात.

आबांनी त्याच्याकडे बघितलं. "बस पेटली," ते म्हणाले, "की आधी प्रवासी उतरवायचे."

"आबा, मी बॅटरी तोडली ना..."

"तोडलीस. पण 'आबा' नाही ओरडलास. 'वायर' ओरडलास."

न्हाव्याने हातातल्या ब्रशकडे बघितलं. गिऱ्हाईकाने गाल पुसला. सलून समोर होतं, दाराशी त्यांची खुर्ची मांडलेली होती, पण आबा म्हणाले, "घरी न्या." सलूनच्या खुर्चीतच बसवून चौघांनी त्यांना वर आणलं. मी गाडीसोबत ढकलली जात मागून आले, भाजलेली, निम्मी सीटखाली, निम्मी रस्त्यावर लोळत.

घरी वहिनीने धाकट्याचा हात गार पाण्याच्या भांड्यात धरला. तो ओढून घेत होता, ती सोडत नव्हती.

"का नाही कापली?"

"दादाने आणली होती."

"मग?"

"मग काय? त्याने आणलेली शेवटची वस्तू आहे ती, वहिनी. कशी कापू?"

वहिनीने त्याचा हात पाण्यात आणखी खाली दाबला. "शेवटची नव्हती. त्या दिवशी त्यांनी साबणपण आणला होता. तो मी वापरला. रोज वापरला. शेवटची चिपटी हातातून निसटून मोरीत गेली, तेव्हा तिथेच बसून रडले. मग उठून दुसरा साबण आणला. त्याच साबणाने तुम्ही आंघोळ करताय, भावजी. तुम्हाला कळलंसुद्धा नाही."

धाकट्याने हात ओढायचं थांबवलं.

"आणि हे बघा," तिने गाडीकडे बोट दाखवलं. "ती काळी वायर. कुणी कापली?"

"दादाने."

"पूजा केली का आधी?"

"...नाही."

"सालटं काडेपेटीत ठेवली?"

यावर धाकट्याला हसू फुटलं. हसता हसता ते दुसरीकडेच गेलं. नाकातून, घशातून, जसं येईल तसं. भाऊ गेल्यापासून तो असा रडला नव्हता. नुसता लोकांवर डाफरायचा. वहिनी भांडं धरून उभी होती. खिडकीतून आबा म्हणाले, "पाणी सांडवू नका रे." त्यांचा आवाजही काही धड नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने एका हाताला फडकं गुंडाळून दुसऱ्या हाताने पक्कड धरली.

कट्.

दुखलं का विचाराल तर, छे! अहो, तुम्ही कधी घट्ट बूट काढलाय का? तसं वाटलं. माझा जळका भाग त्याने काढून टाकला. मग बॅटरीपासून फ्यूजपर्यंत एक तुकडा मोजला आणि कापला. आखूड पडला. अर्धी वीत आखूड.

"च्यायला, दादा!" धाकटा मोठ्याने म्हणाला. "मोजायचं तरी शिकवून जायचंस, मूर्खा!"

मला वाटलं, आता पुन्हा रडतो. पण नाही. दुसरा तुकडा कापला. हा बरोबर बसला. भावाशी इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलला, तेही शिवी घालून. घरात भाऊ असलेल्यांना यात काही चुकीचं वाटणार नाही.

फ्यूज त्याने अंगणातून शोधून आणला, पुसला आणि जागी बसवला. बटण बसवलं. पत्र्याच्या कडेवर ट्यूबचा रबर चढवला, वर माझ्यावर जाड नळी. आबा खिडकीतून देखरेख करत होते. काम संपत आलं तसं म्हणाले, "हॉर्न बसवल्याशिवाय मी बसणार नाही. नियम आहे." मग हॉर्नसाठी माझा आणखी एक तुकडा गेला.

उरलेले तुकडे कुठे कुठे गेले म्हणून सांगू. एक न्हाव्याच्या रेडिओत, बॅटरीकडून जाणारा. एक शेजारच्या पोरीच्या खेळण्यातल्या मोटारीत, ती मोटार मांजराच्या मागे लागते. एक टायरच्या दुकानातल्या टॉर्चमध्ये. देव सगळीकडे असतो म्हणतात. त्याचं मला ठाऊक नाही, मी मात्र आहे.

काडेपेटीतली सालटं धाकट्याने टाकली नाहीत. असू दे. नखाएवढी आहेत, जागा किती घेतात.

तुम्हाला एकच सांगणं. वायर घ्यायला गेलात तर नुसती जाडी बघून भुलू नका. वळवून बघा, सोलून बघा, खरवडून बघा. मऊ घेतलीत तर तिला धारेपासून जपा. आणि कुणी प्रेमाने आणून ठेवली असेल, तर कपाटात ठेवून हुंगत बसू नका हो. कापा. आम्ही त्यासाठीच येतो.

आज पुन्हा रविवार. आबांनी खाली जाताना एवढा हॉर्न वाजवला, की कुत्री घरात शिरली. सलूनमध्ये दाढी उतरली तर खालून एक बारीक, ओळखीचा चेहरा निघाला. टोळीशी भांडण झालं, चहा झाला, दुसऱ्या चहावरून पुन्हा भांडण झालं. उतरताना काय, उतार कुणालाही जमतो. खरी परीक्षा आत्ता, वर जाताना.

धाकटा मागून चालतोय, दोन्ही हात पुढे, ढकलायला तयार, पण टेकवत नाहीये. भाजलेल्या तळव्यावर नवं, गुलाबी कातडं आलंय. चढाच्या मध्यावर आबांनी ब्रेक दाबला.

"मागे बस," ते म्हणाले.

"आबा, वायर तापेल."

"तापू दे. तिला काय दागिना म्हणून घातलाय?"

"मोटरला दोघांचं ओझं..."

"तुझं कसलं ओझं रे, काडीपैलवान? बस म्हणतो ना. घंटी वाजली."

धाकटा सीटमागच्या दांड्यावर बसला. आधी नुसता टेकला, मग नीट बसला. मग दोन्ही हात आबांच्या खांद्यांवर ठेवले, पाठीवर बसलेलं माणूस ठेवतं तसे. आबांनी बटण दाबलं. फ्यूज आपल्या जागी गप्प आहे. काळी गप्प आहे, ती नेहमीच गप्प असते. मोटरने मागितलं आणि मी द्यायला लागले. तापतेय मी, चांगलीच तापतेय. पण गाडी हलली.

आता बोलणं थांबवते. चढ आहे, आणि दोघे बसलेत.